किरकोळ खाते

दुधनीच्या अडतीत शेंगांचा भाव
तोंडानं कधी बोलला जायचा नाही.
दोन हात, वर एक उपरणं,
आत बोटं बोटांना चाचपायची.
चार धरली की चारशे,
तळव्यावर नख ओढलं की पाच कमी.
काशिलिंगप्पा हंजगीकरांचा हात त्यात असा
की समोरचा हात बाहेर काढून
आधी आपली बोटं मोजून घ्यायचा.

मी त्यांचा दिवाणजी. एकतीस वर्षं
रोजकीर्द माझ्या अक्षरात.
माणूस कसा होता विचाराल
तर पान काढून दाखवीन, मत देणार नाही.

जकातीविरुद्ध बाजार बंद झाला त्या साली
पोत्यांच्या थप्पीवर उभे राहून ते पहिल्यांदा बोलले,
अर्धं कानडी, अर्धं मराठी:
"तराजू सरकारचा नव्हं, तराजू देवाचा!"
हमालांनीही टाळ्या वाजवल्या,
ज्यांची हमाली त्याच आठवड्यात
पोत्यामागं दहा पैशांनी कापली होती.
पान दोनशे चौदा.

मग नगरपालिका. मग सभापती. मग आमदार,
सोलापुरात होटगी रोडला बंगला,
कपाळावरची विभूती बोटभर रुंद झालेली.
भाषण एकच, गावं तेवढी बदलायची:
उंबरा आहे म्हणून घर आहे.
चूल, जात, देव, तोलमाप,
बापानं दिलं तसं पोराच्या हाती द्यायचं.
लोकांना पटायचं.
मलाही पटायचं, खोटं कशाला बोलू.
गड्ड्याच्या जत्रेत पोरांनी
एकाची ऑम्लेटची गाडी उलटवली,
त्यांच्या जामिनाचे पैसे आमच्या गल्ल्यातून गेले.
नावे: धर्मादाय.

थोरली मुलगी, गंगांबिका.
पूर्व भागातला एक पद्मशाली पोरगा,
बाप यंत्रमागावर टॉवेल विणायचा,
हा रेल्वेत कारकून.
पुण्याला जाऊन दोघं सही करून आली.
आली म्हणजे, आलीच नाहीत.

त्या रविवारी अप्पांची बाळीवेशीत सभा होती.
नोंदणी लग्नावर पाऊण तास बोलले.
आवाज एकदाही चिरकला नाही.
सोमवारी पेढीवर आले, चहा निम्मा ठेवला,
"गुंडेराव, म्हैन्याला तीनशे. मनिऑर्डर. पुण्याला."
"कुठल्या खात्यात घालू, अप्पा?"
भिंतीवर बसवण्णांची तसबीर होती.
तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
"किरकोळ."

बावीस वर्षं किरकोळ.
तीनशेचे पाचशे झाले, पाचशेचे हजार.
एका श्रावणात एकदम चार हजार;
मी आपलं कुपनावर लिहिलं, बाळंतविड्यासाठी.
ते त्यांनी खोडायला लावलं,
मग खोडलेलं दिसतं म्हणून कुपनच बदलायला लावलं.
एकही मनिऑर्डर परत आली नाही.
एकाही पावतीवर सहीखेरीज अक्षर नाही.

तिकीट कापलं तेव्हा कापणाऱ्यानं
त्यांचंच भाषण त्यांना ऐकवलं,
जरा वरच्या पट्टीत.
सत्काराच्या शाली तेवढ्या उरल्या.
एकशे सत्त्याऐंशी. मीच मोजल्या,
शिल्लक माल म्हणून.

परवा भेटायला गेलो. अर्धांगानं वाचा गेलेली.
नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं होतं,
घरभर बादल्यांची पळापळ,
आम्हा दोघांकडे कुणाचं लक्ष नाही.
त्यांनी डावा हात पुढे केला.
मला कळायला थोडा वेळ लागला;
मग पायथ्याची एक शाल ओढून
मी दोघांच्या हातांवर घातली.

बोटं आली. एक धरलं. सोडलं. पुन्हा तेच धरलं.
नख तळव्यावर फिरत राहिलं,
धड चढ नाही, धड उतार नाही.
एवढी वर्षं बाजारात काढली,
असला भाव कधी ऐकला नव्हता.
"अप्पा," मी म्हटलं, "पुण्याला कळवू?"

सौदा पटला की हात दाबतात.
नाही पटला की सोडतात.
त्यांनी दोन्ही केलं नाही.
बाहेर धाकटी सून ओरडत होती,
पाणी जाईल, आटपा, पाणी जाईल.